यार-ए-वफादार आणि पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं सारं आयुष्य माहुरात गेलं. रेणुकामातेच्या डोंगरावर नवरात्रात लोटणारी गर्दी, दत्तशिखराकडे पायी निघालेले वारकरी, सोनापीर बाबांच्या दर्ग्यात चादर चढवून तिथूनच देवीच्या पायऱ्यांकडे वळणारी माणसं, हे सगळं पाहतच मी लहानाचा मोठा झालो. पण आज मी तुम्हाला देवस्थानांकडे नेणार नाही. आज आपण रामगडाच्या तटावर जाऊ. तिथून डोंगरांच्या रांगा दिसतात आणि रांगांच्या पलीकडे पैनगंगेचं खोरं. आज धनोड्याच्या पुलावरून एसटी पाच मिनिटांत पलीकडे जाते. नांदेड जिल्हा संपतो, यवतमाळ सुरू होतो. एवढाच काय तो फरक.

शंभर वर्षांपूर्वी ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, ज्याला वऱ्हाडातले लोक मोगलाई म्हणत. पलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार. गाडीत माल घालून नदी ओलांडली की करोडगिरीच्या नाक्यावर थांबावं लागे. देवीच्या दर्शनाला येणारा वऱ्हाडी माणूस एका अर्थानं परमुलखात येत असे. आणि गंमत अशी, की कागदोपत्री दोन्ही काठ एकाच मालकाचे होते. वऱ्हाड निजामाचंच होतं, फक्त ते इंग्रजांकडे राहिलं होतं. ते परत मिळावं ही हैदराबादच्या गादीची जुनी इच्छा. त्या इच्छेपायी हजारो कोसांवरच्या एका लढाईत काय काय घडलं, ती आजची कथा.

मोठी सत्ता परमुलखात लढायला निघते, तेव्हा तिच्यामागे तिचे लहान दोस्तही निघतात. कुणी माणसं देतं, कुणी पैसा देतं, कुणी नुसते शब्द देतं. हैदराबादनं पहिल्या महायुद्धात तिन्ही दिलं. माणसं आणि पैसा यांचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. मी कवितेच्या वाटेनं आलेला माणूस आहे, म्हणून मला त्यातल्या शब्दांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी ही दोस्ती कशी जमली ते थोडक्यात पाहू. १७९८ साली निजामानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. टिपू आणि मराठे यांच्या मध्ये सापडलेल्या राज्याला आधार हवा होता. तो मिळाला, पण आधाराचा खर्च वाढत गेला. तैनाती फौजेशिवाय ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची आणखी एक फौज उभी राहिली. तिचे अंमलदार इंग्रज आणि पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज चढलं, आणि २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूरचा दोआब, हे सगळं त्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली झालं. घरातल्या राखणदाराच्या पगारासाठी शेत गहाण पडावं, तसं झालं.

चार वर्षांनी १८५७ चा उठाव आला. हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली लोकांनी १७ जुलैला रेसिडेन्सीवर हल्ला केला. पण निजाम आणि त्यांचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूला ठाम राहिले. दक्षिण हातची गेली नाही, ती या दोस्तीमुळे. त्याचं बक्षीस १८६० साली मिळालं. नळदुर्ग आणि रायचूर दोआब परत आले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं. कापूस पिकवणारी काळी जमीन कोण सोडतो? पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झननं सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर.

म्हणजे पुढच्या निजामासमोर दोन धडे होते. पहिला असा, की संकटात साथ दिली तर इंग्रज मुलूख परत करतात. १८६० साली तसं घडलं होतं. दुसरा असा, की चांगला मुलूख ते परत करत नाहीत. हेही घडलंच होतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. पहिला धडा त्यांनी मनावर घेतला, दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंड युद्धात उतरलं. हिंदुस्थानातल्या बहुतेक संस्थानिकांनी आपापल्या खजिन्याची दारं उघडली. इथवर हैदराबादचं दुखणं इतरांपेक्षा वेगळं नव्हतं. पण ऑक्टोबरच्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं लढाईत आलं आणि सगळं अवघड झालं. तुर्कस्तानचा सुलतान हा सुन्नी मुसलमानांचा खलिफा. मक्का-मदिनेचा राखणदार. हिंदुस्थानात कित्येक मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात त्याचं नाव घेतलं जाई. नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला. इंग्रजांच्या अमलाखालच्या मुसलमानांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहावं, असा त्याचा अर्थ.

इंग्रज सरकारला घाम फुटला. त्यांच्या फौजेत मुसलमान शिपाई हजारोंनी होते. पवित्र स्थळांना आपण हात लावणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. पण इंग्रजाच्या तोंडून आलेल्या अशा शब्दाला वजन किती? ते शब्द एखाद्या मुसलमानाच्या तोंडून यायला हवे होते, आणि तोही साधासुधा नव्हे. हैदराबादचा निजाम म्हणजे हिंदुस्थानातला सर्वांत मोठा मुसलमान राजा. त्याच महिन्यात निजामांचं जाहीरनाम्याचं फर्मान निघालं.

त्या फर्मानाचा आशय थोडक्यात असा होता. या कठीण प्रसंगी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी सरकारशी असलेली जुनी, कसाला लागलेली निष्ठा सोडू नये. या राज्यात आपल्याला धर्माचं आणि जगण्याचं जे स्वातंत्र्य आहे, ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सत्तेखाली, मग ती मुसलमान असो वा नसो, मिळत नाही. आणि निजामाच्या रयतेला स्वतःचं भलं हवं असेल, तर तिनं यात जराही कसर करू नये.

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आधीची वाक्यं विनवणीची आहेत, हे वाक्य तंबीचं आहे. आणि आणखी एक गोष्ट पाहा. निजामांच्या राज्यात सव्वा कोटीहून जास्त माणसं होती. त्यात मुसलमान साधारण दहा टक्के. पण फर्मान नुसतं त्यांच्यापुरतं नव्हतं. ते साऱ्या हिंदुस्थानच्या मुसलमानांना उद्देशून होतं. आपल्या रयतेची निष्ठा राजानं गृहीत धरणं आपण समजू शकतो. पण जे कधी त्यांची रयतही नव्हते, त्यांच्या वतीनंही निजाम बोलून गेले. एका माणसानं अख्ख्या जमातीच्या मनाचा जामीन दिला आणि जमातीला विचारलंही नाही.

आमच्या घरात यावर एक गोष्ट सांगितली जाई. ती इतिहास नव्हे, घरची आठवण आहे, तेवढ्याच वजनानं ऐका. माझे पडदादा माहुरात नालबंद होते. यात्रेकरूंची घोडी, गाड्यांचे बैल, यांना नाल ठोकणं हा त्यांचा धंदा. शिक्षण नव्हतं. त्यांची सून म्हणजे माझी दादी. ती सांगायची, की लढाईच्या दिवसांत नमाजनंतर माणसं मशिदीच्या पायरीवर कुजबुजत बसत. एकीकडे आपला बादशहा, दुसरीकडे आपला खलिफा. दुआ मागायची तरी कुणाच्या फतेहची? एकानं पडदादांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘घोड्यां के वास्ते दुआ करो. उनो क्या कसूर करे?’’ लोक हसले. दादी हे सांगताना स्वतःही हसायची. मी मात्र पुढे मोठेपणी हैदराबादच्या रिसाल्याबद्दल वाचत गेलो, तसं मला वाटू लागलं की नालबंद माणसाला त्या प्रश्नातून बाहेर पडायची एवढीच वाट सापडली असेल. ज्याला उघड बोलता येत नाही, तो असंच काही तरी बोलतो.

ज्यांना उघड बोलता येत होतं, त्यांचं काय झालं तेही पाहा. मौलाना मोहम्मद अली यांनी आपल्या ‘कॉम्रेड’मध्ये तुर्कांची बाजू मांडणारा लेख लिहिला; वृत्तपत्राचा जामीन जप्त झाला, पुढे १९१५ मध्ये दोघे अली बंधू स्थानबद्ध झाले. मौलाना आझादांचं ‘अल-हिलाल’ १९१४ च्या नोव्हेंबरातच बंद पडलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केलं. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार, अशी हाकाटी त्यांच्यात पसरली होती. सत्तेचाळीस जणांना उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. निजामाचं फर्मान निघालं होतं, तरीही हे घडलं. फर्मानानं जीभ थांबते. आतलं थांबत नाही.

मात्र निष्ठेची भाषा एकट्या निजामांनीच केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. लोकमान्य टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आले आणि ऑगस्टमध्येच त्यांनी या प्रसंगी सरकारला मदत करावी असं जाहीर केलं. गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात शिपाई भरतीसाठी पायी हिंडले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, तुर्कांच्या कैदेत मेल्या. महारांची भरती सरकारनं पूर्वी बंद केली होती. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. ज्यानं त्यानं काही तरी मनात धरून साथ दिली होती. कुणाच्या मनात स्वराज्य होतं, कुणाच्या मनात मान, कुणाच्या मनात भाकर. फरक एवढाच, की टिळकांनी आपली अट पुढे चारचौघांत बोलून दाखवली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नरनं त्यांना बोलू दिलं नाही, तेव्हा ते उठून निघून गेले. निजामांची अट मात्र त्यांच्या मनातच राहिली. त्यांनी आधी सर्व काही दिलं आणि मागणं नंतरवर ठेवलं.

काय दिलं? सुरुवातीलाच साठ लाख रुपये. हे पैसे दोन रिसाल्यांच्या खर्चासाठी होते. एक, हैदराबादचा स्वतःचा इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स. दुसरा, विसावा डेक्कन हॉर्स, ज्याचे निजाम मानद कर्नल होते. आता या दुसऱ्या रिसाल्याची कुळी शोधली तर ती जाते त्याच हैदराबाद कंटिन्जंटकडे! ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गेलं, ती फौज इंग्रजांनी १९०३ मध्ये आपल्या लष्करात मिसळून टाकली. वऱ्हाड त्यांच्याकडेच राहिलं. आणि अकरा वर्षांनी त्याच फौजेच्या एका रिसाल्याचा लढाईखर्च निजामांनी पुन्हा आपल्या खजिन्यातून उचलला. एका घोड्याची किंमत दोनदा मोजली, आणि घोडा दुसऱ्याच्याच तबेल्यात. हा डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ‘हाय वूड’ नावाच्या रानाजवळ त्याच्या स्वारांनी भाले सरसावून उभ्या पिकातून चाल केली. समोर मशिनगन होत्या.

हैदराबाद लान्सर्स १९१४ च्या अखेरीस इजिप्तला पोचले. म्हैसूर, पतियाळा अशा संस्थानांच्या रिसाल्यांबरोबर त्यांची पंधरावी घोडदळ ब्रिगेड झाली. पतियाळाचा रिसाला पुढे मेसोपोटेमियात गेला आणि १९१८ मध्ये जोधपूरचा आला. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांची फौज सुएझ कालव्यावर चालून आली, तेव्हा हे सगळे तिथं तैनात होते. नंतर सिनाईचं वाळवंट, पॅलेस्टाइन, जॉर्डनचं खोरं. आणि मग २३ सप्टेंबर १९१८ ची हैफाची प्रसिद्ध चाल. जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी तोफा-मशिनगनवर भाले घेऊन घोडे घातले आणि बंदर जिंकलं. जोधपूरचे मेजर दलपतसिंह शेखावत तिथं पडले.

या चालीत हैदराबादचे स्वारही होते असं आपण वृत्तपत्रांत दरवर्षी वाचतो. ते बरोबर नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे युद्धकैद्यांना मागे घेऊन जाण्याचं काम होतं. यावरून दुसरी एक गोष्ट पसरली. ते मुसलमान, म्हणून तुर्कांसमोर त्यांना उभं केलं नाही, असं लिहिलेलं आढळतं. मला हेही पटत नाही. जवळपास चार वर्षं ते तुर्की फौजेसमोरच होते. त्या मोहिमेत तुर्कांचे कैदी हजारोंनी हाती लागले होते आणि त्यांना नेणारं कुणी तरी हवंच होतं. शिवाय जोधपूरच्या रिसाल्यातही कायमखानी मुसलमान स्वार होते, आणि ते लढले. फौजेत कामं वाटून दिली जातात, त्या दिवशी हैदराबादच्या वाट्याला ते काम आलं. पण या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून उगवतात. एक म्हणते तुम्ही शूर होता, दुसरी म्हणते तुमचा भरवसा नव्हता. त्या शिपायाला त्या दिवशी काय वाटलं, हे कुणीच विचारत नाही. कैद्यांच्या रांगेच्या बाजूनं तो घोडा हाकत चालला असेल. रांगेतला एखादा दमलेला तुर्क त्याला पाहून ‘सलाम आलेकुम’ म्हणाला असेल का? त्यानं जबाब दिला असेल का? कवी म्हणून मला हैफाच्या चालीपेक्षा त्या रस्त्याची कविता लिहावीशी वाटते. अजून जमलेली नाही.

हैदराबाद, जोधपूर, म्हैसूर या तिघांच्या स्मरणार्थ १९२२ मध्ये दिल्लीत तीन पुतळे उभे राहिले. तेच तीन मूर्ती. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात हैफाही आलं. दिल्लीला गेलात तर त्या तिघांतला एक आपल्या जुन्या राज्याचा आहे हे लक्षात ठेवून पाहा.

आणि विमानं! नोव्हेंबर १९१७ मध्ये इंग्रजांच्या हवाई दलात ११० क्रमांकाचं स्क्वॉड्रन उभं राहिलं. त्याला मिळालेली डीएच-९ए जातीची विमानं निजामांच्या देणगीतली, म्हणून त्याचं नाव ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रन. देणगीचा मजकूर विमानांवर रंगवलेला होता. सप्टेंबर १९१८ पासून ती जर्मनीतल्या शहरांवर बॉम्ब टाकू लागली. लढाईच्या शेवटच्या आठवड्यांत ते लढलं आणि फार विमानं गमावली. त्यातलं एक ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडलं, बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला पोचलं आणि १९७७ मध्ये लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आलं. आजही ते तिथं आहे, अंगावर हैदराबादचं नाव घेऊन. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातल्या रयतेनं भरलेला शेतसारा कुठवर उडत गेला, याचा तो पुरावा आहे. आमच्या माहूरच्या रानात तेव्हा बैलगाडीचा धड रस्ता नव्हता.

लढाई अजून चालूच होती, तेव्हा १९१८ च्या आरंभी निजामांना बक्षीस जाहीर झालं. इतर राजे ‘हिज हायनेस’; निजाम एकटे ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’. आणि त्यासोबत बिरुद, ‘फेथफुल अलाय ऑफ द ब्रिटिश गव्हर्नमेंट’. उर्दूत यार-ए-वफादार.

या बिरुदापाशी मी थांबतो, कारण हा शब्द आमच्या दुकानातला आहे. वफा हा गझलेचा शब्द. गझलेत आशिक वफा करतो आणि माशूक ती पाळत नाही. शेकडो वर्षांचा हा रिवाज आहे. निजाम स्वतः शायर होते. ‘उस्मान’ या तखल्लुसानं त्यांनी फारसी आणि उर्दूत गझला लिहिल्या. वफेच्या बदल्यात काय मिळतं, हे त्यांना ठाऊक नसेल कसं? गझलेत जो धडा त्यांनी पाठ केला होता, तो दरबारात त्यांना आठवला नाही. ‘वफादार’ म्हणवून घेण्यात एक खोच आहे. बरोबरीच्या दोस्ताला कुणी वफादार म्हणत नाही. इंग्रजांनी फ्रान्सला तसं बिरुद दिलं नाही. ते आश्रिताला देतात, चाकराला देतात.

ती खोच लवकरच उघडी पडली. ऑक्टोबर १९२३ मध्ये निजामांनी व्हाइसरॉयला सविस्तर पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं. मुद्दा असा मांडला, की परराष्ट्राचा विषय सोडला तर आपण आपल्या राज्यात स्वतंत्र आहोत आणि हा दोन सरकारांमधला व्यवहार आहे. लॉर्ड रीडिंगनं २७ मार्च १९२६ च्या पत्रानं उत्तर दिलं. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कुठल्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करण्याचा हक्क सांगता येणार नाही, असा त्याचा भावार्थ. साठ लाख, दोन रिसाले, विमानं, आणि एका जमातीच्या मनाचा जामीन, एवढं दिल्यावर आलेलं हे उत्तर. हिंदुस्थानच्या राज्यघटनेच्या इतिहासात ते पत्र फार प्रसिद्ध आहे. आमच्यासाठी त्याचा अर्थ सोपा होता. पैनगंगेवरचा नाका हटणार नव्हता.

पुढची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. लढाईनंतर इथल्या मुसलमानांनी आणि गांधीजींनी मिळून खिलाफतीची चळवळ उभी केली, तेव्हा निजामांनी आपल्या राज्यात तिला बंदी केली. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या नव्या सरकारनं खिलाफतच रद्द केली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद परदेशात हद्दपार होऊन हलाखीत राहू लागले. तेव्हा त्यांना दरमहा तनखा कुणी दिला? निजामांनीच. आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात खलिफांची मुलगी दुर्रूशेवार हिचं लग्न निजामांच्या थोरल्या मुलाशी लागलं. ज्या खलिफाच्या फौजेवर हैदराबादचे भाले चालून गेले, त्याच घराण्यातली मुलगी हैदराबादची सून झाली. खुलताबादजवळ अब्दुल मजीदांसाठी कबरीची जागा बांधून ठेवली होती म्हणतात, ती रिकामीच राहिली. ते १९४४ मध्ये पॅरिसला वारले आणि दहा वर्षांनी मदिनेत दफन झाले.

१९३६ मध्ये इंग्रजांनी निजामांची थोडी समजूत काढली. वऱ्हाडावरचं त्यांचं स्वामित्व कागदावर मान्य केलं, कारभार स्वतःकडे ठेवला आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवून घ्यायची मुभा दिली. म्हणजे खलिफाची मुलगी वऱ्हाडची युवराज्ञी झाली; त्या वऱ्हाडची, जिथला एक रुपया वसूल करण्याचा हक्क तिच्या नवऱ्याला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात तेच सगळं पुन्हा झालं. पुन्हा पैसा, पुन्हा विमानं. १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या चिन्हावर निजामांची दस्तार होती आणि ब्रीदवाक्य होतं ‘फेथफुल अलाय’. मग १९४७ मध्ये इंग्रज निघाले. संस्थानांबरोबरचे सगळे तहनामे एका कायद्यानं गतप्राण झाले. दीडशे वर्षांच्या दोस्तीचा हवाला देऊन निजामांनी कैफियत मांडली, पण ऐकणारा बोटीत बसला होता. त्या हट्टाची आणि रझाकारांच्या धुमाकुळाची किंमत आमच्या मराठवाड्यानं, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, कशी मोजली हे तुम्हाला माहीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं. राज्य पुनर्रचनेत १९५६ मध्ये आमचा किनवट-माहूरचा भाग आदिलाबादहून निघून नांदेडला जोडला गेला. आज पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्यात आहेत. निजामांनी जे दोन महायुद्धांत मिळवलं नाही, ते भाषेनं मिळवून दिलं.

जाता जाता आमच्याच गडाची एक गोष्ट. माहूरचं उदाराम घराणं मोगलांच्या चाकरीत होतं. त्याही काळी आम्ही कुणाचे तरी लहान दोस्त होतोच. त्या घराण्यातली सावित्रीबाई रणांगणावर इतकी तडफदार, की औरंगजेबानं तिला ‘रायबागन’ हा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान कोकणात उतरायला निघाला तेव्हा ती त्याच्या फौजेत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी फौजेला पुढून-मागून कोंडलं. पाणी नाही, वाट नाही. तेव्हा रायबागननं सरदाराला तोंडावर सुनावलं, की या रानात फौज आणलीस तीच चूक झाली, आता शरण जा आणि माणसं वाचव. परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आहे. खानानं ऐकलं, खंडणी दिली आणि फौज जिवंत परतली.

रायबागनही दुसऱ्याच्या लढाईत होती, तिलाही किताब होता. पण वेळ आली तेव्हा तिनं आपल्या धन्याला खरं सांगितलं आणि तिच्या शब्दानं माणसं वाचली. निजामांचे शब्द मोठे होते, त्यांनी माणसं लढाईवर गेली. त्यातली कित्येक परत आली नाहीत. माझ्या पडदादांनी ज्यांच्यासाठी दुआ मागितली, त्या घोड्यांचंही तसंच. त्याच पॅलेस्टाइनच्या मोहिमेतले ऑस्ट्रेलियन फौजेचे हजारो घोडे लढाईनंतर मायदेशी परत नेलेच गेले नाहीत.

मी आजही कधी कधी संध्याकाळी रामगडावर जातो. नदीकडे पाहतो. मनात येतं, त्या १९१४ च्या नोव्हेंबरात कुणी तरी मशिदीच्या पायरीवरच्या त्या माणसांना एवढंच विचारायला हवं होतं, की बाबांनो, तुमचं काय म्हणणं आहे? त्यांनी काय सांगितलं असतं, मला ठाऊक नाही. पण ते त्यांचं असतं.